चार बोटांचा आस

तलाव दहा वर्षं बंद ठेवायचा ठराव ज्या सभेत झाला, त्या सभेत चेअरमनच्या मुलानेच बापाच्या विरोधात हात वर केला होता. मच्छीमार सोसायटीच्या पत्र्याच्या शेडमध्ये माणसाला माणूस खेटून बसला होता. हात मोजायची वेळ आली तेव्हा चेअरमन पहिल्या रांगेपासून मोजत निघाले, मुलापाशी येऊन जरासे अडखळले, आणि तोही हात इतरांसारखाच मोजून पुढे गेले. विरोधातले हात कमी भरले. मुलगा उठला, आपली खुर्ची घडी करून भिंतीला लावली आणि निघून गेला.

या सगळ्याच्या मुळाशी होती त्याची धाकटी बहीण.

ती बाहेरगावी शिकून परत आली होती आणि तलावाच्या टोकाला असलेल्या संशोधन केंद्रात नोकरीला लागली होती. केंद्र म्हणजे काय, तर दोन खोल्या, एक सूक्ष्मदर्शक, सतत घरघरणारा फ्रीज आणि मागच्या अंगाला सिमेंटचा एक हौद. रोज सकाळी होड्या धक्क्याला लागल्या की ती स्टीलची पट्टी घेऊन वजनकाट्यापाशी उभी राहायची. मासा आडवा ठेवायचा, मापायचा, त्याचे दोन-तीन खवले काढून कागदी पाकिटात टाकायचे. गावाने तिचं नाव फूटपट्टी ठेवलं. "फूटपट्टी आली, पोटं आत घ्या रे!" असं कुणीतरी ओरडायचं आणि सगळे हसायचे. तीही हसायची. लहानपणापासून ती याच धक्क्यावर वाढलेली.

गाव जगायचं ते एकाच माशावर. त्याला सगळे रुपेरी म्हणायचे. चेअरमनच्या तरुणपणी एक रुपेरी उचलायला दोन्ही हात लागायचे. आता ती तळहातावर मावत होती. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं, निदान तसं सगळ्यांना वाटत होतं: मोठे मासे आपण मारले, लहान उरले. त्यांना वाढू दिलं की झालं.

चेअरमन मूळचे जाळी विणणारे. मुलं त्यांना आबा म्हणायची. जाळ्याच्या दोन गाठींमधल्या भोकाला आस म्हणतात, आणि तो मापायची त्यांच्या घरची रीत हाताचीच होती. आजोबांच्या जाळ्यातून अख्खी मूठ जायची. आबांनी उभ्या आयुष्यात चार बोटांचा आस विणला. मग मासा बारीक झाला तशी गिऱ्हाइकं तीन बोटांचा मागू लागली, पुढे दोन. दोन बोटांचं जाळं विणताना आबांचं डोकं फिरायचं. "हे काय जाळं आहे? गाळणी आहे, गाळणी! चहा गाळा यातून."

एका दुपारी ते ओट्यापाशी जाळं घेऊन बसले होते. शेजारी मुलगी भाजी चिरत होती. तिने विचारलं, "आबा, तुमच्या जाळ्यातून सुटतं कोण?"

"बारीक असेल ते."

"आणि सुटल्यावर ते काय करतं?"

"पोरं काढतं. आणखी काय करणार?"

"म्हणजे बारीक असतानाच ज्यांना अंडी घालता येतात, त्यांचीच पोरं तलावात राहतात. ज्यांना आधी मोठं व्हायचं असतं, ते अंडी घालायच्या आतच काट्यावर येतात. असं किती पिढ्या चाललंय?"

आबांची सुई थांबली. "आजोबांपासून."

"मग तलावात आता कुणाची पोरं असतील?"

त्या दिवशी ते पुन्हा विणायला बसले नाहीत. महिन्याभरात त्यांनी बंदीचा विषय सभेपुढे ठेवला. त्या साली पाणी इतकं आटलं होतं की होड्या चिखलात रुतल्या होत्या आणि मासा जवळपास संपलाच होता, म्हणूनच लोक ऐकायला तरी बसले. सभेत आबांनी मुलीला उभं केलं. मागून कुणीतरी विचारलं, "दहा वर्षं पोटाला चिमटा काढू. पण मासे वाढतील ना?"

ती म्हणाली, "वाढतील."

ती संख्येबद्दल बोलत होती. लोकांनी ऐकलं ते आकाराबद्दल. शेडभर जी कुजबुज झाली, त्यावरून ते तिच्या लक्षातही आलं होतं. पण मासा परत मोठा होणार नाही असं तरी तिला कुठे खात्रीने माहीत होतं? आणि इतकी माणसं एकदम तिच्याकडे बघत होती. ती खाली बसली.

भावाची होडी नवी होती. घरात बायको, पाळण्यात मुलगी. "माझी होडी काय तुझ्या पट्टीला बांधून ठेवू?" असं तो बहिणीला म्हणाला, आणि पंधरवड्यात सगळा संसार दोन ट्रंकांत भरून लांबच्या बंदरावर निघून गेला. तिथे मासळीच्या शीतगृहात त्याला काम मिळालं. आबा निरोप द्यायला स्टँडवर गेले नाहीत. बहीण गेली. वहिनी खिडकीतून म्हणाली, "आबांच्या औषधाकडे बघा हं. विचारलं तर घेतली म्हणतात, पण घेत नाहीत." दादा समोर बघत बसला होता.

मग तलाव बंद झाला.

आधी बर्फाचा कारखाना गेला. पाठोपाठ काट्यावरचा हमाल, डबे ठोकणारा, चहावाला. होड्या काठावर पालथ्या पडल्या, मुलं त्यांची घसरगुंडी करून खेळायला लागली. काहीजण खाणीवर दगड फोडायला जाऊ लागले, काही गाव सोडून गेले. जे राहिले ते आबांच्या शब्दावर राहिले. आबा रोज काठाने फेरी मारायचे. त्यांच्या चुलतभावाने एकदा चोरून जाळं टाकलं, तर आबांनी सगळ्यांसमोर ते विळीवर धरून कापलं. चुलतभावाने पुढे जन्मभर त्यांच्या घरची पायरी चढली नाही. पण त्यानंतर कुणी जाळंही टाकलं नाही.

उरलेल्या वेळात ते विणत बसायचे. उघडायच्या दिवसासाठी सोसायटीला लागतील ती सगळी जाळी, चार बोटांच्या आसाची. ठरावातच तसं लिहून घेतलं होतं: चार बोटांच्या खाली जाळं नाही. विणून झालेली जाळी ते मुलाच्या रिकाम्या खोलीत टांगून ठेवायचे. खोलीत शिरायचं तर जाळी बाजूला सारत जावं लागे.

सातव्या वर्षी केंद्राने पाहणीसाठी बारीक जाळं टाकलं. ते ओढताना इतकं जड लागलं की मुलीला आधी वाटलं, खडकाला अडकलं. वर आलं तेव्हा जाळंभर रुपेरी तडफडत होत्या. ती हसत सुटली. मग तिने पहिली हातात घेतली. तळहाताएवढी. दुसरी, तिसरी, सगळ्या तेवढ्याच. पोट चिरलं तर अंड्यांनी गच्च भरलेलं. खवल्यावर झाडाच्या खोडासारखी वर्तुळं असतात, त्यांवरून माशाचं वय कळतं. या रुपेरी दोन वर्षांच्या होत्या. म्हणजे पुढेही वाढणार नव्हत्या. अंडी घालायला लागली की रुपेरीची वाढ खुंटते.

केंद्राच्या कपाटात आधीच्या अधिकाऱ्यांनी जमवलेले खवले होते, पार आजोबांच्या काळातले. ते जुने आणि हे नवे, दोन्ही तिने शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवले. उत्तर यायला सहा-सात महिने गेले. आलं त्या दुपारी ती घरी आली तेव्हा आबा मुलाच्या खोलीत एक जाळं आढ्याला बांधत होते.

"आबा, मासे मोठे होणार नाहीत."

"अजून तीन वर्षं आहेत."

"तीन नाही, तीस ठेवली तरी नाही." ती जाळ्यांमध्येच जमिनीवर बसली. "माशाच्या अंगात एक जनुक असतं. त्याची दोन रूपं. एक सांगतं, थांब, आधी वाढ. दुसरं सांगतं, घाई कर, आत्ताच अंडी घाल. प्रत्येक माशाला एक आईकडून मिळतं, एक बापाकडून. जुन्या खवल्यांत जिकडेतिकडे थांबवालं रूप आहे. मग दर दहा-वीस वर्षांनी ते कमी कमी होत गेलंय. आत्ताच्या खवल्यांत जवळजवळ नाहीच."

"पण आपण जाळी काढून ठेवली की! आता कोण मारतंय त्याला?"

"कुणी मारायची गरज राहिली नाही." तिने थोडा विचार केला. "आपल्या गल्लीत ते मागच्या घरांचं आडनाव होतं बघा. चार घरं होती. त्यांना कुणी हाकललं का?"

"नाही. एकाला सगळ्या मुलीच झाल्या, त्या लग्न करून गेल्या. दोघं बिनलग्नाचेच राहिले. आणि शेवटचा तापाने गेला."

"झालं की नाही? संपलं आडनाव. शंभर घरं असती तर एवढ्यातेवढ्याने संपलं नसतं. चारच होती, म्हणून नशिबाच्या एका फटक्यात गेलं. पाणी आटलं त्या साली तलावात मूठभर मासे उरले होते. त्यांतल्या फार थोड्यांत ते रूप होतं, आणि त्यांची पोरं जगली नाहीत. आताचे लाखो मासे त्या मूठभरांचीच लेकरं आहेत. जे त्यांच्याकडेच नव्हतं, ते यांच्याकडे कुठून येणार?"

आबांनी सुटलेलं दोरीचं टोक पुन्हा हातात धरलं. "म्हणजे आपल्याला उशीर झाला."

"हो."

"तू सभेत म्हणालीस, वाढतील."

"संख्येने म्हणाले होते."

"लोकांनी तसं नाही ऐकलं."

"माहीत आहे, आबा."

त्यांनी दोरीची गाठ मारली. तिच्याकडे न बघता म्हणाले, "आत्ता कुणाला सांगू नकोस."

"असं कसं? लोक वाट बघत बसलेत."

"म्हणूनच. आज कळलं तर उद्या सकाळी तलावात दोन बोटांची जाळी पडतील. तूच म्हणालीस ना, जवळजवळ नाही. म्हणजे थोडं असेल. तेही जाईल."

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. तिने वरच्या कार्यालयाला अहवाल पाठवला, त्याचं काय झालं ते कधी कळलं नाही. आणि गावात ती गप्प राहिली. धक्क्यावर कुणी विचारलं, "काय गं फूटपट्टी, कसं काय?" तर म्हणायची, "खूप आहेत." हेही खरंच होतं.

तलाव उघडायच्या आधीच्या महिन्यात दादाचा फोन आला. एवढ्या वर्षांत तो वडिलांशी फोनवर चार वाक्यांपलीकडे कधी बोलला नव्हता. त्या दिवशी बहीण मोरीत भांडी घासत होती आणि आबांचा आवाज तिला ऐकू येत होता. असा आवाज तिने फार वर्षांत ऐकला नव्हता.

"ये की. ये! अरे, विचारतोस काय? होडीला मी डांबर लावून ठेवतो. नोकरी? सोडून दे ती. बर्फात हात घालून माणसाचं आयुष्य जातं का? पोरीला शाळा इथेही आहे."

फोन ठेवल्यावर ती ओल्या हातानेच बाहेर आली. "आबा, दादाला तरी सांगायला हवं होतं."

"आल्यावर सांगू."

"नोकरी सोडून आल्यावर?"

"सांगितलं तर येईल का तो?" आबा एकदम ओरडले, आणि लगेच खाली बघत पुटपुटले, "येऊ दे गं. एकदा येऊ दे."

दादाचा नंबर भिंतीवर खडूने लिहिलेला होता. पुढच्या चार-पाच दिवसांत ती कितीदा तरी त्यासमोर उभी राहिली. आबांनी तेवढ्यात होडीच्या सांध्यांत कापूस ठासून वरून डांबर लावलं, खोलीतली जाळी काढून खाट टाकली, खिडकीला नवीन काच बसवली. तिने फोन केला नाही.

दादा आला. वहिनी जाड झाली होती, भाची आत्येच्या खांद्याला लागली होती. दादाच्या बोटांची टोकं थंडीने कायमची पांढरी पडली होती. पण आल्या आल्या तो होडीकडे गेला आणि तिच्या कडेवरून हात फिरवत आबांना म्हणाला, "चांगली ठेवलीत." आबांनी तोंड फिरवून नाक शिंकरलं.

उघडायच्या दिवशी सकाळी सगळा गाव धक्क्यावर होता. आबांच्या होडीत आबा, दादा आणि बहीण असे तिघं. बहिणीला जायचं नव्हतं, आबांनीच हाताला धरून बसवलं. जाळी पडली, होड्या थांबल्या. पाणी नुसतं उकळत होतं. जिकडे बघावं तिकडे रुपेरी उसळत होत्या. दादा हसला. "बापरे! हे काय आबा, पाणी कमी नि मासा जास्त!"

मग त्याने जाळं ओढायला घेतलं. दोन हात ओढलं आणि त्याने बापाकडे पाहिलं. जाळं हलकं होतं. आबा खाली मान घालून ओढत राहिले. सगळं जाळं वर आलं तेव्हा त्यात पानं होती, शेवाळ होतं आणि कल्ल्याला दोरा अडकलेल्या दोन रुपेरी. आजूबाजूच्या होड्यांतून हाका सुरू झाल्या. "लागलं का रे?" "तुझ्यात?" "दारातून येतात आणि खिडकीतून जातात की हे!" कुणीतरी मोठ्याने हसलं, बाकी कुणीच हसलं नाही.

दादाने अडकलेल्या दोघींपैकी एक सोडवून हातात घेतली. उलटसुलट करून पाहिली. पोटावर अंगठा दाबला तशी अंडी बाहेर आली. मग त्याने बहिणीच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"तीन वर्षं."

"आणि आबांना?"

आबा जाळं नीट घडी करून ठेवत होते, जणू ते आता पुन्हा लागणारच होतं. दादाने वल्ही उचलली. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. काठावर वहिनी पदर सावरत पुढे आली, "किती मिळाले?"

"भरपूर आहेत," दादा म्हणाला. "उचलायचे कशाने तेवढं आबांना विचार."

त्या संध्याकाळच्या सभेत आबांनी सगळं सांगितलं आणि राजीनामा दिला. मुलीने सांगायला तोंड उघडलं तर तिला हातानेच खाली बसवलं. "ठरवलं मी होतं. हिला मी गप्प केलं." लोकांनी त्यांना नाही नाही ते ऐकवलं. चुलतभाऊ मात्र उठून जाताना फक्त विळीने कापल्यासारखा हात हवेत फिरवून गेला. ते आबांना सगळ्यांत जास्त लागलं.

आसाची अट त्याच सभेत उठली. आठवड्याभरात दोन बोटांची जाळी तलावात पडली. मासे ढिगांनी निघाले. माणसं असले मासे विकत घेईनात, पण कोंबड्यांच्या खाद्याच्या कारखान्याचे ट्रक यायला लागले, ते फावड्याने भरून नेत. दादाचं जाळं आबांनीच विणलं. दोन बोटांचं. कुरकुर न करता, पटपट. विणून झाल्यावर मुलाच्या दारात ठेवलं आणि आत जाऊन पडून राहिले.

दादा बहिणीशी कामापुरतंच बोलायचा. एकदा धक्क्यावर ती पट्टी घेऊन त्याच्या होडीपाशी आली, तेव्हा त्यानेच विचारलं, "मग आता हे बारीक जाळं काय करेल?"

"तेच. आणखी लवकर अंडी घालणारे उरतील."

"म्हणजे बोटाएवढे."

"हळूहळू, हो."

"आणि मी जाळं घरी ठेवलं तर शेजारचा टाकेल."

"टाकेल."

"मग तू हे मापतेस कशाला अजून?"

तिने पट्टीवर चिकटलेला खवला नखाने काढला. दादाने स्वतःच टोपलीतला एक मासा उचलून पट्टीवर आडवा ठेवला, शेपटी नीट सरळ केली आणि म्हणाला, "घे. दुसरा देतो."

दोन हंगामांत ढीग ओसरले. ट्रक येईनासे झाले. दादा परत बंदरावर निघाला. जुनी जागा गेली होती, त्याच शीतगृहात आता पहारेकऱ्याचं काम होतं. या खेपेला तो आबांनाही घेऊन चालला. आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि एकटी बहीण दिवसभर केंद्रात असायची.

या दोन वर्षांत तिने एक काम केलं होतं. हजारो मासे तपासून त्यांतले थांबवाल्या रूपाचे म्हणून हाताला लागले तेवढे जिवंत मागच्या हौदात सोडले होते. स्टँडवर आबांनी त्याबद्दलच विचारलं.

"किती आहेत आता?"

"तीन. मादी एकच."

"अंडी घातली?"

"नाही ना. दोन वर्षांची होऊन गेली, तरी नाही. वाढतेय नुसती. हातभर होईल, आबा."

आबांचा चेहरा उजळला. "म्हणजे तिला घाई नाही."

"नाही."

"आणि तिची पोरं?"

"एकाच आईची असतील, एवढ्यावर तलाव भरत नाही. पण सुरुवात म्हणून..."

"फोन करत जा," आबा म्हणाले. बसमध्ये दादाने त्यांना खिडकीपाशी बसवलं. बस हलल्यावर त्यांनी हात केला, पण नीट दिसत नसल्याने भलत्याच दिशेला केला.

दर रविवारी फोनवर ते आधी हौदाचं विचारायचे, मग तिचं. मादी वाढत होती. थंडीच्या दिवसांत एकदा दोन दिवस वीज गेली, हौदात हवा सोडणारा पंप बंद पडला. तिने बादलीने पाणी उपसून वरून ओतायला घेतलं, हात भरून आले तरी ओतत राहिली. दोन नर जगले. मादी मोठी होती, तिला हवा जास्त लागत होती. ती सकाळी वर तरंगत होती.

तिने तिला पट्टीवर ठेवलं. पट्टी पुरली नाही. डोळे पुसून तिने पट्टी पुढे सरकवली आणि उरलेलं माप घेतलं. पोटात अंडी नव्हती.

रविवारची वाट न बघता तिने त्याच दिवशी फोन लावला. दादाने उचलला आणि आबांकडे दिला.

"आबा, मादी मेली."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"बरं झालं, लगेच सांगितलंस," आबा म्हणाले. मग त्यांनी फोन पुन्हा मुलाकडे दिला.

"ऐकलं मी," दादा म्हणाला. "नर आहेत ना दोन?"

"आहेत. पण एकट्या नरांचं काय करायचं?"

"तपासत राहा. एखादी असेल कुठेतरी."

"नसेलही, दादा."

"नसेलही," तो म्हणाला. मागे शीतगृहाची यंत्रं घरघरत होती. "सुट्टी मिळाली की येतो मी. हौद घासायला लागेल तुला कुणीतरी."

फोन ठेवून ती मागच्या अंगाला गेली. दोन्ही नर तळाशी शांत होते. तिने पंप सुरू आहे का ते पाहिलं, बादली उपडी करून ठेवली आणि धक्क्याकडे निघाली. होड्या यायची वेळ झाली होती.